मटणाच्या खानावळीने राष्ट्रीय पुरस्कारासाठी अर्ज भरावा का?

पेठेतली सून

नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमची मटणाची खानावळ आहे. सासूबाईंनी ती घराच्या सोप्यात, चार पाट आणि एक बाकडे एवढ्या भांडवलावर सुरू केली. आज एका वेळी बत्तीस माणसे जेवतात, पण रश्शात दुसऱ्या कोणी मीठ घातलेले त्यांना अजूनही चालत नाही. गेल्या महिन्यात एका संस्थेतून फोन आला आणि 'पश्चिम भारतातील सर्वोत्तम प्रादेशिक भोजनालय' या राष्ट्रीय पुरस्कारासाठी आमची निवड झाल्याचे सांगण्यात आले. माझ्या दिरांनी त्याच संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मेलवर अर्ज आला तेव्हा कळले की, सहभाग शुल्क २८,५०० रुपये, त्यावर जीएसटी, आणि दिल्लीच्या सोहळ्याला दोनांपेक्षा जास्त माणसे आणायची असल्यास त्यांचे पैसे वेगळे. परीक्षक आमच्याकडे कधी जेवून गेले असे विचारले, तर निवड 'ऑनलाइन मूल्यमापनातून' झाल्याचे उत्तर मिळाले. रस्सा ऑनलाइन चाखण्याची सोय झाल्याचे आम्हाला ठाऊक नव्हते.

पैशांचा प्रश्न एक वेळ बाजूला ठेवू. मला जास्त अडचणीत टाकले ते अर्जातील रकान्यांनी. एक रकाना होता 'मुख्य शेफचे नाव व प्रशिक्षण'. सासूबाईंना विचारले तर म्हणाल्या, "शेफ म्हंजे टोपीवाला न्हवं? आपल्याकडं कुठला?" दुसरा रकाना होता 'वैशिष्ट्यपूर्ण पदार्थाचे छायाचित्र, पांढऱ्या पार्श्वभूमीवर'. पांढरा रस्सा पांढऱ्या वाटीत वाढून पांढऱ्या कागदावर ठेवला आणि मुलाने सतरा फोटो काढले. एकातही वाटीत काही आहे असे वाटत नाही. शेवटी त्याने वर तांबड्या रश्शाच्या तवंगाचे दोन थेंब सोडले, तेव्हा सासूबाईंनी काही न बोलता वाटी उचलून आत नेली.

जाणकारांनी कृपया सांगावे, या क्षेत्रातील खरे मान कोणते, ते कसे ठरतात आणि पेठेतल्या खानावळीला त्या वाटेने जाता येते का? शिवाय शेफ म्हणून नाव कोणाचे लिहायचे? परवाना दिरांच्या नावावर आहे, हिशेब मी पाहते आणि रस्सा सासूबाईंचा आहे.

निवृत्त मास्तर, पुणे

वहिनी, तो अर्ज भरू नका. हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना मी एकवीस वर्षे शिकवले आणि त्यातल्या अनेकांच्या हॉटेलांत अशा चषकांनी भरलेली कपाटे पाहिली. शुल्क घेतले म्हणजे लबाडीच, असे मी सरसकट म्हणणार नाही. पाककृतींच्या स्पर्धांना प्रवेशशुल्क असते. मात्र ते निकालाच्या आधी घेतात, सर्वांकडून सारखे घेतात आणि ते भरूनही माणूस हरू शकतो. आपल्या बाबतीत निवड आधी झाली आणि पैसे नंतर मागितले, यातच सगळे आले.

आता खऱ्या मानांविषयी. उपाहारगृहांना तारे देणारी मिशेलिनची मार्गदर्शिका भारतासाठी निघत नाही, त्यामुळे इथल्या एकाही उपाहारगृहाला मिशेलिनचा तारा नाही. इथे येऊन तो मिरवणाऱ्यांनी तो परदेशातल्या उपाहारगृहासाठी मिळवलेला असतो. आशियातील पन्नास सर्वोत्तम उपाहारगृहांची 'एशियाज फिफ्टी बेस्ट' ही यादी २०१३ पासून निघते. तिच्यासाठी अर्ज करता येत नाही; तीनशेहून अधिक मतदार आपण प्रत्यक्ष जेवलेल्या ठिकाणांना मते देतात. मुंबईच्या 'मास्क'ला या यादीत २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे भारतातील सर्वोत्तम उपाहारगृहाचा मान मिळाला. देशातल्या देशात पाहायचे तर 'काँदे नास्ट ट्रॅव्हलर' हे मासिक २०१७ पासून परीक्षकांच्या मतांवर पन्नास उपाहारगृहांची यादी जाहीर करत आले आहे.

अडचण अशी की, मत द्यायचे तर मतदार जेवायला आलेला असावा लागतो, आणि हे मतदार मुंबई, दिल्ली, बंगळुरू, गोवा याच वाटेने फिरतात. कोल्हापूरला आले तरी ते अंबाबाईच्या दर्शनाला किंवा कोणाच्या लग्नाला. दुसरी अडचण मोजमापाची आहे. या याद्यांत वर असणारी बरीच उपाहारगृहे दहा-बारा पदार्थ एकामागून एक, तीन-तीन तास, एकेका घासाने वाढतात. आपले ताट एकदम समोर येते आणि रस्सा तर वाटीवर आडवा हात धरेपर्यंत वाढत राहतात. ओगराळे घेऊन पंगतीतून फिरणाऱ्या माणसाला कोणत्या निकषावर गुण द्यायचे, हे त्या परीक्षकांना कोणी शिकवलेले नाही.

सरकारी मान म्हणाल तर पद्म पुरस्कार आहेत. तरला दलाल यांना २००७ मध्ये, इम्तियाज कुरेशी यांना २०१६ मध्ये आणि संजीव कपूर यांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यासाठी कोणीही नागरिक कोणाचीही शिफारस करू शकतो, स्वतःचीसुद्धा, आणि एक पैसा लागत नाही. दिरांचा उत्साह तिकडे वळवावा.

मंगळवारपेठी

मास्तरांचे म्हणणे योग्य आहे, परंतु मुळात पुरस्काराची हौस कशासाठी, हे मला समजत नाही. २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून दादरच्या 'आस्वाद'मधली मिसळ निवडली गेली, तेव्हा आमच्या कट्ट्यावर दोन दिवस सुतक होते. मिसळ जिंकली याचा आनंद मानावा, की ती दादरची होती याचे दुःख करावे, हेच ठरेना. तिसऱ्या दिवशी आपल्या कसबा बावड्यात गेलो, तर मिसळीसाठीची रांग होती तेवढीच होती. चषक आला की आधी दर वाढतात, मग वातानुकूलित खोली होते आणि मग रश्शाची वाटी मोजून येऊ लागते.

कोल्हापूरकर, शार्लट

मी अठरा वर्षे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात राहतो. मास्तरांनी मोजमापाची जी अडचण सांगितली, तिच्यावर इथे काढलेला मार्ग आपल्याकडे फारसा ठाऊक नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इथले सर्वांत मानाचे पुरस्कार जेम्स बिअर्ड या स्वयंपाकी-लेखकाच्या नावाने १९९१ पासून दिले जातात. जानेवारीत लांबलचक पहिली यादी निघते, पुढे ती छाटली जाते आणि जूनमध्ये शिकागोत निकाल लागतो. छोट्या गावाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, सर्वोत्तम शेफचा मान देताना देशाचे बारा भाग करतात, त्यामुळे मिसिसिपीतल्या आचाऱ्याला न्यूयॉर्कच्या आचाऱ्याशी झुंजावे लागत नाही. आपल्या तालमीत वजनी गट असतात, तसेच हे. याशिवाय १९९८ पासून 'अमेरिकाज क्लासिक्स' नावाचा एक वेगळा मान आहे. किमान दहा वर्षे चाललेली, स्थानिक मालकीची आणि ज्यांच्या जेवणात त्या वस्तीचा स्वभाव उतरलेला आहे, अशी साधी ठिकाणे त्यासाठी निवडतात. ताट कसे सजवले, हे तिथे कोणी विचारत नाही. वहिनी, आपली खानावळ इथे असती तर मी याच मानासाठी तिचे नाव सुचवले असते. पुस्तके, वृत्तपत्रीय लेखन आणि चित्रफिती यांच्यासाठीही याच संस्थेचे स्वतंत्र पुरस्कार आहेत.

२०२२ मध्ये या पुरस्कारांत संपूर्ण देशातील सर्वोत्कृष्ट उपाहारगृह ठरले ते अॅशव्हिल गावातले 'चाय पानी'. त्याचे मालक मेहेरवान इराणी अहमदनगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात वाढले. वडापाव, भेळ आणि चाट विकणारे हे दुकान आहे. अॅशव्हिलची लोकसंख्या लाखाच्या आत. आपले कोल्हापूर २०११ च्या जनगणनेतच साडेपाच लाखांच्या घरात होते. शार्लटहून गाडीने दोन तासांचे अंतर, म्हणून निकालानंतर आम्ही मुद्दाम गेलो. काड्यांसारख्या चिरून तळलेल्या भेंडीच्या कुरकुरीत फोडी माझ्या मुलीने एकटीने संपवल्या. वडापाव खाताना मला मात्र आपल्या स्टँडवरचा आठवत राहिला, पण तो दोष त्यांचा नव्हे.

या पुरस्कारांतही सारे आलबेल नव्हते. विजेत्यांत आणि परीक्षकांत कृष्णवर्णीयांना स्थान मिळत नाही, अशी टीका वाढत गेली आणि २०२० व २०२१ ही दोन वर्षे पुरस्कार दिलेच गेले नाहीत. त्या काळात संस्थेने निवडीची पद्धत तपासून नियम बदलले. जी संस्था दोन वर्षे स्वतःचा सोहळा बंद ठेवू शकते, तिच्या चषकाला काही वजन असते, असे मला वाटते.

चुलीपाशी

मी एका मराठी दैनिकात खाण्यावर साप्ताहिक सदर लिहिते, त्यामुळे वहिनींच्या शेवटच्या प्रश्नावर बोलणे माझे काम आहे, आणि आधी माझी चूक कबूल करते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खानावळींवर मी आजवर तीसेक लेख लिहिले. परवा ते पुन्हा चाळले, तर त्यांपैकी बहुतेकांत गल्ल्यावर बसलेल्या पुरुषाचे नाव आहे आणि आत रस्सा करणाऱ्या बाईचा उल्लेख 'घरच्या महिला' एवढाच आहे. उद्या कोणी पद्म पुरस्कारासाठी शिफारस करायला बसले, तर पुरावा म्हणून माझी कात्रणे काही कामाची नाहीत. तेव्हा वहिनी, शेफच्या रकान्यात सासूबाईंचे नाव लिहायचे, यात शंका नको. प्रशिक्षणाच्या रकान्यात त्या किती वर्षे चुलीपुढे उभ्या आहेत, तो आकडा घाला.

आमच्या लेखनालाही हीच अडचण येते. एका राष्ट्रीय खाद्यलेखन पुरस्कारासाठी मी प्रवेशिका पाठवली, तेव्हा लेखांचे इंग्रजी भाषांतर जोडा असे कळवण्यात आले. 'अळणी' या शब्दापाशी भाषांतर अडले. मीठ नसलेले, असे लिहावे तर मीठ-मसाल्याआधी मटण शिजवून काढलेले ते पाणी, लहान मुलाला आणि आजाऱ्याला वाटीभर आधी द्यायचे, हे सगळे त्या एका शब्दात कसे यावे? ते भाषांतर मी पुढे पाठवलेच नाही.

मंगळवारपेठी म्हणतात तसे चषकाने रांग वाढत नसेल, पण मान एकट्या दुकानालाच मिळतो असेही नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आजऱ्याच्या घनसाळ तांदळालाही मिळाले. युनेस्कोने हैदराबादला २०१९ मध्ये आणि लखनौला २०२५ मध्ये खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून आपल्या जाळ्यात घेतले. तिथे अर्ज शहराने करायचा असतो. आपल्या शहराने उद्या तो करायचा ठरवला, तर कागदावर दाखवायला आपल्यापाशी काय आहे? हॉटेलांच्या पाट्या आहेत आणि 'झणझणीत' हा एकच शब्द आहे, जो पांढऱ्या रश्शाला मुळीच लागू पडत नाही. चटणी कोणत्या महिन्यात डंकावर कुटतात, तिच्यात संकेश्वरी मिरची किती आणि ब्याडगी किती, खसखस भाजून घेतात की भिजवून, नारळाचे दूध कोणत्या क्षणी घातले म्हणजे रस्सा फुटत नाही, हे कोणीतरी बसून लिहून घेतले पाहिजे. मी यायला तयार आहे. वहिनींनी तोवर एक वही करावी.

पेठेतली सून

सर्वांचे मनापासून आभार. अर्ज भरला नाही. दीर दोन दिवस नाराज होते. पेढे वाटलेल्या घरांना आता काय सांगायचे, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

वही केली. रविवारी पहाटे सासूबाईंच्या शेजारी काटा घेऊन बसले. मीठ किती, असे विचारल्यावर "लागंल तेवढं" हे उत्तर अपेक्षितच होते, म्हणून त्यांनी मूठ भरली की ती पातेल्यात पडण्याआधी काट्यावर रिकामी करून घेतली. सात लिटरच्या पातेल्याला पहिल्या दिवशी ६२ ग्रॅम भरले, बुधवारी ६२ आणि शुक्रवारी ६४. शुक्रवारी मटण थोडे जास्त होते, हे त्यांनी माझ्याआधी सांगितले. नारळाचे दूध घालताना त्या आच एवढी उतरवतात की कडेला एकही बुडबुडा दिसत नाही, आणि उकळी येते की काय असे वाटले, तर पळीभर दूध मागे ठेवलेले असते, ते वरून सोडतात. त्या पळीविषयी बारा वर्षांत मला कोणी सांगितले नव्हते, कारण मी विचारले नव्हते.

नावाच्या जागी त्यांचे नाव लिहून वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "हे मला माझ्या सासूनं शिकवलं, तिचंबी घाल." आजेसासूबाईंचे माहेरचे नाव घरात कोणालाच आठवेना, शेवटी कागलच्या आत्याबाईंना फोन करून विचारले.

'चुलीपाशी' ताईंना विनंती की त्यांनी बुधवारी यावे. सोमवारी आणि गुरुवारी आमच्याकडे मटण नसते. सकाळी आठच्या आत आलात तर बरे, कारण तेव्हा अळणी उतरते आणि सासूबाई बोलायच्या मनःस्थितीत असतात. साडेदहानंतर त्या कोणाशीच बोलत नाहीत.