रडार डिटेक्टर: आरशाची वायर कापू नका
रडार डिटेक्टर (पोलिसांचा स्पीड-रडार ओळखून इशारा देणारं यंत्र) गाडीत बसवताना काहीजण म्हणतात की आतल्या आरशाच्या वायरलाच जोड मारून त्याला सप्लाय द्या, चालेल तसंही, पण ती वायर कापू नका प्लीज, त्यापेक्षा फ्यूज टॅप लावा (फ्यूज बॉक्समधे फ्यूजच्या जागी बसतो, वायर न कापता नवी जोडणी देतो). मल्टिमीटरने असा फ्यूज शोधा जिथे चावी फिरवली की १२ व्होल्ट येतात आणि बंद केली की शून्य, नाहीतर पिकअप बरेच दिवस उभी राहिली की बॅटरी उतरलीच म्हणून समजा. एअरबॅग, एबीएसच्या (ब्रेक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फ्यूजला हात लावायचा नाही. डिटेक्टरला २ अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला. अर्थिंग उघड्या धातूवर, रंग खरवडून, बोल्ट घट्ट आवळून. आणि पुढच्या काचेच्या बाजूच्या पिलरमधे (खांबात) कर्टन एअरबॅग (बाजूने पडद्यासारखी उघडणारी) असेल तर वायर तिच्या मागूनच न्या, पुढून नेली तर एअरबॅग उघडताना मधे येते, इथे अजिबात घाई करू नका.