डिग्री अप्रेंटिसशिप की सरळ युनिव्हर्सिटी? (लेकीचं इयर १३ चालू आहे)

मंजिरी_लेस्टर:
नमस्कार मंडळी. लेक इथे ब्रिटनमध्ये इयर १३ मध्ये, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे, ए लेव्हलला मॅथ्स, फिजिक्स आणि डिझाइन टेक्नॉलॉजी. यूकॅसचे (युनिव्हर्सिटी प्रवेशाचे अर्ज जिथून करतात ते) पाचही पर्याय मेकॅनिकल इंजिनिअरिंगला भरून झालेत. आता तिने डिग्री अप्रेंटिसशिपचा ध्यास घेतलाय. आठवड्यातले चार दिवस कंपनीत, एक दिवस युनिव्हर्सिटीचा, पगार चालू आणि शेवटी डिग्री हातात.

नवऱ्याला हे अजिबात पटत नाही. मार्क चांगले आहेत, तर पूर्ण वेळ शिकू दे, नोकरी पुढे जन्मभर करायचीच आहे, असं त्याचं म्हणणं. मला तिचा उत्साह मोडवत नाही, पण भीतीही वाटते. ही डिग्री पुढे कमी लेखली जाते का? आणि आम्ही २०२१ मध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर आलो, आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) अजून नाही. तिला हे करता येईल का? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

अभय_एमके:
व्हिसाचं आधी सांगतो, कारण तुमच्या बाबतीत तोच कळीचा मुद्दा आहे. आयएलआर नसताना युनिव्हर्सिटी साधारणपणे ओव्हरसीज, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची, फी लावते. ‘होम’, म्हणजे इथल्याच, विद्यार्थ्यांची कमाल फी २०२५-२६ साठी ९,५३५ पौंड होती, ओव्हरसीजची इंजिनिअरिंगला त्याच्या कितीतरी पट. शिवाय स्टुडंट लोनही नाही. इंग्लंडमध्ये अप्रेंटिसशिपच्या सरकारी निधीचे नियम मात्र वेगळे आहेत. शिक्षणासाठी आलेले नसाल, इथे राहायची आणि काम करायची परवानगी असेल आणि सुरुवातीच्या आधीची तीन वर्षं सलग इथे राहिला असाल, तर पात्र ठरता. म्हणजे तिला दार उघडं आहे. व्हिसाची मुदत कोर्स संपण्याआधी सरत असेल, तर एचआर विचारेल. आयएलआरला अर्ज कधी करणार, ती तारीख तयार ठेवा.

अप्रेंटिसशिपमध्ये फी तिने भरायचीच नसते. ज्या कंपन्यांचा पगारावरचा वार्षिक खर्च ३० लाख पौंडांच्या वर आहे, त्या २०१७ पासून वरच्या रकमेवर ०.५ टक्के लेव्ही, म्हणजे अप्रेंटिसशिपसाठीचा कर, भरतात. पैसा त्यातून येतो, छोट्या कंपन्यांना बराचसा सरकार देतं.

वेदांती:
मंजिरीकाकू, मी केलंय. अठराव्या वर्षी मिडलंड्समधल्या एका कारखान्यात लागले, गेल्या वर्षी पूर्ण झालं, आता तिथेच डिझाइन इंजिनिअर आहे. काकांच्या शंकेचं उत्तर आधी देते. डिग्री युनिव्हर्सिटीचीच असते, लेव्हल ६, म्हणजे पूर्ण बॅचलर्स. माझ्या सर्टिफिकेटवर आणि शेजारच्या पूर्ण वेळ शिकलेल्या मुलाच्या सर्टिफिकेटवर काही फरक नाही.

पण तिला एक गोष्ट नीट कळू दे. ही आधी नोकरी आहे. सगळं काही या नोकरीत तुमच्या डोक्यावर कोण बसलंय, त्यावर ठरतं.

चांगलं कसं असतं ते सांगते. आमच्या टेस्ट रिगवरचं एक ब्रॅकेट वेल्डपाशी सारखं तडकायचं. दर वेळी कुणीतरी पुन्हा वेल्ड मारून द्यायचं. त्याच सुमारास युनिव्हर्सिटीत फटीग (पुन्हा पुन्हा ताण येऊन धातू तडकणं) शिकवत होते. मी एका जुन्या टेक्निशियनसोबत तडा कुठून सुरू होतो ते भिंगाखाली पाहिलं. वेल्डचं टोक बरोबर जास्तीत जास्त ताण येतो तिथेच संपत होतं. ड्रॉइंग बदललं, वेल्ड तिथून बाजूला नेला, आतल्या कोपऱ्याला मोठा रेडियस दिला. ते ब्रॅकेट अजून चालू आहे. तडकलेल्याचा फोटो, गणित आणि नवं ड्रॉइंग माझ्या पोर्टफोलिओत गेलं, कोणतं ज्ञान आणि कोणतं कौशल्य त्यातून सिद्ध झालं तेही लिहिलं. शेवटच्या मूल्यमापनात परीक्षकाने सगळ्यात जास्त वेळ यावरच विचारलं. वर्गात बसून मला फटीग असा कधीच भिनला नसता.

आता दुसरी बाजू. माझा पहिला मॅनेजर बदलला आणि नव्याने माझ्या अभ्यासाच्या दिवशी मीटिंग लावायला सुरुवात केली. “तेवढा तास ये फक्त.” तो तास दुपारपर्यंत लांबायचा. अभ्यासाचा वेळ पगारी कामाच्या वेळेतच मिळायला हवा, हा नियम आहे, मेहेरबानी नाही. कंपनी, युनिव्हर्सिटी आणि आपण असे तिघं बसतो त्या रिव्ह्यूमध्ये मी हे बोलले, ट्यूटरने लेखी घेतलं, मग थांबलं. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला मॅनेजरसमोर हे बोलणं सोपं नसतं. तुमची लेक बोलेल का, हे तुम्हालाच माहीत.

आणि सुट्ट्या. मैत्रिणी ईस्टरला महिनाभर घरी, आपण मोजक्या रजेवर. संध्याकाळी कामावरून येऊन असाइनमेंट. हॉस्टेलचं आयुष्य मिळत नाही, मला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण डोक्यावर कर्ज नाही.

मंजिरी_लेस्टर:
वेदांती, किती मनापासून लिहिलंस गं, नवऱ्याला वाचून दाखवलं. तो ब्रॅकेटपाशी थांबला, पुन्हा वाच म्हणाला! दोन प्रश्न. मध्येच सोडावंसं वाटलं तर कंपनी फी वसूल करते का? आणि यूकॅसचे अर्ज मागे घ्यावे लागतील?

अभय_एमके:
ट्रेनिंगचा खर्च अप्रेंटिसकडून मागता येत नाही, सोडलं तरीही. करारात तसं कलम दिसलं तर सही करू नका, विचारा. यूकॅस अजिबात मागे घेऊ नका, दोन्ही समांतर चालतं. पगार मात्र नीट बघा: अप्रेंटिसची कायदेशीर किमान मजुरी एप्रिल २०२५ मध्ये तासाला ७.५५ पौंडच होती. मोठ्या कंपन्या सहसा बऱ्याच वर देतात.

वेदांती:
अर्ज थेट कंपनीकडे जातो. सरकारच्या साइटवर जागा दिसतात, शिवाय प्रत्येक कंपनीच्या करिअर पानावरही. जाहिरातीतल्या शेवटच्या तारखेवर विसंबू नका, पुरेसे अर्ज आले की आधीच बंद करतात. मुलाखतीत तिने उलट विचारावं: अभ्यासाचा दिवस कुठला, मेंटॉर कोण, आधीच्या बॅचची मुलं आज कुठल्या पदावर आहेत. जमलं तर त्यांच्यातल्या एखाद्याशी बोलायला मिळेल का, हेही. तिसऱ्या प्रश्नाला जिथे नावानिशी, पदानिशी उत्तर मिळतं, ती जागा मी वर ठेवेन. तिचा डिझाइन टेक्नॉलॉजीचा प्रोजेक्ट काय आहे? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, अर्जात तो कसा मांडायचा ते मी तिच्यासोबत बसून बघते.