पडलेल्या यानांचा हिशेब देशांनी एकमेकांपुढं मांडावा का?

भीमाकाठ
१२ जानेवारी २०२६ ला, आपल्या सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गडबड चालू होती त्या दिवशी, श्रीहरिकोट्याहून इस्रोचं पीएसएलव्ही-सी६२ रॉकेट उडालं आणि तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी शेवटी भरकटलं. ईओएस-एन१ उपग्रह गेला, सोबतचे छोटे उपग्रह पण गेले, आणि त्यातले काही परदेशातल्या लोकांनी आपल्यावर भरवसा ठेवून दिलेले होते. त्याच्या आधी १८ मे २०२५ ला सी६१ गेलं तेही तिसऱ्याच टप्प्यात. मोटरमधला दाब पडला एवढं सांगितलं, समिती बसली, पण तिचा अहवाल काय लोकांपुढं आला नाही आणि आठ महिन्यांत तोच टप्पा परत नडला.

इस्रोवर राग काढायला हा धागा काढलेला नाही. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ समुद्रात पडलं आणि १८ जुलै १९८० ला तेच रॉकेट ह्यांनी नीट उडवून रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, अशा माणसांबद्दल मनात आदरच आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की अंतराळात देशांनी एकत्र यावं की नाही ह्यावर जे वाद होतात त्यात सगळे चंद्रावर तळ, मंगळावर माणूस असल्या मोठ्या गोष्टी बोलतात, पण एकत्र यायचंच असेल तर सुरुवात अपयशापासून करा. कुणाचं काय बिघडलं आणि का बिघडलं हे सगळ्यांना कळलं पाहिजे.

व्हॅलेंटिन बोंदारेंको हे नाव किती जणांनी ऐकलंय? २४ वर्षांचा सोव्हिएत पोरगा, अंतराळवीर व्हायचं शिक्षण घेत होता. मार्च १९६१ मध्ये, अंतराळातला पहिला माणूस गागारिन उडायच्या तीन आठवडे आधी, भरपूर ऑक्सिजन भरलेल्या चाचणीच्या खोलीत स्पिरिटचा बोळा गरम शेगडीवर पडला, भडका उडाला आणि तो भाजून गेला. सोव्हिएत सरकारनं हे १९८६ पर्यंत दाबून ठेवलं. आणि जानेवारी १९६७ मध्ये अमेरिकेत अपोलो-१ ची चाचणी जमिनीवरच चालू होती, आत शुद्ध ऑक्सिजन, कुठंतरी ठिणगी पडली आणि तीन अंतराळवीर जळून गेले. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, वेळेत उघडलंच नाही. दोन्ही देश एकमेकांना मात देण्यात गुंतलेले, चार माणसं गेली. मला हे वाचल्यापासून चैन पडत नाही.

तुमचं मत सांगा.

यंत्रमागवाला
अण्णा, तळमळ कळते पण जग तसं नाही. १९९१ ला आपण रशियाशी क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या) रॉकेट इंजिनाचा करार केला, पैसे ठरले, तंत्रज्ञान देणार म्हणून ठरलं. अमेरिकेनं निर्बंध लावले आणि १९९३ ला रशियानं तंत्रज्ञान द्यायला नकार दिला, तयार सात इंजिनं घ्या आणि गप्प बसा असं झालं. मग आपल्या माणसांनी स्वतः खपून इंजिन केलं, एप्रिल २०१० ला ते पहिल्यांदा उडवलं तर फसलं, आणि ५ जानेवारी २०१४ ला जीएसएलव्ही-डी५ रॉकेटनं शेवटी करून दाखवलं. वीस वर्षं गेली! पण आता ते आपलं आहे, कुणाच्या बापाला विचारावं लागत नाही.

चांद्रयान-२ चं पण तेच. २००७ च्या करारात लँडर, म्हणजे चंद्रावर उतरायचं यान, रशिया देणार होता. २०११ ला त्यांचं मंगळाच्या चंद्राकडं निघालेलं फोबोस-ग्रुंट यान पृथ्वीभोवतीच अडकून पडलं (त्यात चीनचं पण एक यान होतं, तेही बुडालं), मग रशिया म्हणाला थांबा, आम्हाला परत तपासायचंय. किती थांबायचं? आपण स्वतः लँडर केला. सहकार्य म्हणजे दुसऱ्याचं बिघडलं की आपली पण गाडी बंद.

पोरांची_बाई
यंत्रमागवाला दादा, तुमचं पहिलं उदाहरण तर सहकार्य न झाल्याचं आहे की. रशियानं करार पाळला असता तर ती वीस वर्षं वाचली असती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पोरांना चांद्रयान-१ सांगताना मी मुद्दाम सांगते की २००८ च्या त्या यानावर ११ उपकरणं होती, त्यातली ५ आपली आणि ६ बाहेरची. चंद्रावर पाण्याचे अंश आहेत हे पक्कं झालं त्यात नासाच्या एम-थ्री ह्या उपकरणाचा मोठा वाटा होता, पण ते तिथपर्यंत नेलं आपल्या यानानं. आपल्याशिवाय ते पोचलं नसतं आणि त्याच्याशिवाय आपल्याला पाणी दिसलं नसतं. ह्यात कोण लहान आणि कोण मोठं?

आणि चांद्रयान-२ चा लँडर विक्रम ७ सप्टेंबर २०१९ ला पडला तेव्हा त्याचे तुकडे कुणी शोधले आठवतंय का? चेन्नईचे इंजिनिअर शण्मुग सुब्रमण्यन ह्यांनी. नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं काढलेले फोटो सगळ्यांसाठी खुले होते, ते त्यांनी घरी बसून आधीच्या फोटोशी जुळवून बघितले आणि नासाला कळवलं, नासानं तपासून डिसेंबरमध्ये जाहीर केलं. ब्रिटनचं बीगल-२ हे यान तर २००३ ला मंगळावर गायब झालं, अकरा वर्षं कुणाला पत्ता नाही, आणि २०१५ ला अमेरिकन यानाच्या फोटोत दिसलं की ते नीट उतरलं होतं पण सूर्यप्रकाशावर वीज करणाऱ्या त्याच्या सगळ्या पाकळ्या उघडल्याच नव्हत्या. तोपर्यंत ते आदळून फुटलं असंच बहुतेकांना वाटत होतं. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यानं हे कळलं.

सात_रस्ता
बाईंचा आदर ठेवून विरोध करतो. फोटो खुले ठेवणं वेगळं आणि एकत्र यान बांधणं वेगळं. जितके हात जास्त तितक्या चुका जास्त. १९९९ ला नासाचं मंगळयान मार्स क्लायमेट ऑर्बिटर गेलं ते कशानं, तर एका टीमनं आकडे पाउंडात दिले आणि दुसऱ्या टीमनं ते न्यूटन समजून वापरले. हे दोघं एकाच देशातले! आता त्यात चार देश, चार भाषा, चार सरकारं घाला.

आणि सरकारं बदलतात, युद्धं होतात. युरोपचा रोझालिंड फ्रँकलिन रोव्हर २०२२ ला मंगळावर जायचा होता, रशियाचं रॉकेट आणि रशियाचंच उतरवायचं यान. युक्रेन युद्ध सुरू झालं आणि सगळं थांबलं, आता २०२८ म्हणतात. तयार रोव्हर एवढी वर्षं पडून! ज्या शास्त्रज्ञांनी आयुष्य घातलं त्यांचं काय? आपल्या गगनयानाचं असं झालेलं मला बघवणार नाही.

अजून एक. आपल्या गावात चार-पाच दिवसाआड पाणी येतं. पैसा घालायचाच असेल तर निदान आपल्या हातात राहील अशा कामात घाला.

सीनाकाठचा
पाण्याचं नाव काढलं म्हणून लिहूलालोय, नाहीतर मी वाचणारा माणूस. सप्टेंबर २०२५ ला सीनेला पूर आला तेव्हा माढा, मोहोळकडं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. ऊस गेला, जनावरं गेली, माती खरवडून गेली. पुराच्या दिवसांत वर ढग असतात, साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खालचं काही दिसत नाही, रडारवाला लागतो. सी६१ बरोबर जो ईओएस-०९ बुडाला तो रडारवालाच होता हो. तो असता तर पूर थांबला असता असं मी म्हणत नाही, पण वर एक डोळा जास्त राहिला असता.

आणि ह्याच्यात देश एकमेकांना मदत करतात हे माहीत आहे का कुणाला? मोठ्या आपत्तीसाठी देशांचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २००० पासून चालू, इस्रो त्यात २००१ पासून आहे. कुठं पूर, भूकंप झाला की ज्याचा उपग्रह वरून जाणार असेल तो फोटो काढून फुकट देतो. ३० जुलै २०२५ ला निसार उपग्रह उडाला तो पण नासा आणि इस्रोचा मिळून आहे, एक रडार त्यांचं, एक आपलं, आपल्या जीएसएलव्हीनं नेला, दर बारा दिवसांनी तीच जमीन परत बघतो, मातीतली ओल सुद्धा कळते म्हणतात. कोरडवाहू ज्वारीवाल्याला ओल म्हणजे काय ते विचारा. सात रस्तावाले मालक, एकट्यानं दोन्ही रडार करायला आपल्याला किती वर्षं लागली असती?

यंत्रमागवाला
निसारला माझा विरोध नाही. तिथं आपल्याकडं द्यायला काहीतरी होतं म्हणून बरोबरीनं बसवलं. माझा विरोध अण्णांच्या मूळ मुद्द्याला आहे, की अपयशाचा सगळा हिशेब जगापुढं टाका. पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा घन इंधनाचा. घन इंधनाची मोटर म्हणजे क्षेपणास्त्राची सख्खी बहीण. दाब का पडला हे सांगायचं तर आवरण कशाचं, इंधन कसं भरलं, नोझल कसं, सगळं बोलावं लागतं. ते कुणाच्या हातात जाईल? आमच्या धंद्यात चादरीचं डिझाइन शेजारच्या कारखान्याला कुणी दाखवत नाही, इथं तर देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.

भीमाकाठ
डिझाइन नका दाखवू दादा. पण ज्या दिवशी सी६१ गेलं त्याच दिवशी, १८ मे २०२५ च्या पहाटे, आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जण गेले. तुम्ही त्याच भागात असाल तर तुम्हाला जास्त माहीत. तशी आग कशानं लागली आणि माणसं बाहेर का पडू शकली नाहीत हे बाकीच्या प्रत्येक कारखान्याला कळायला पाहिजे की नको? त्यात कुणाचं डिझाइन चोरीला जातं? मी एवढंच मागतोय.

आणि हे करता येतं. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं. जुलै संपायच्या आत अहवाल बाहेर! ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत कोंबायला गेले, तो मावला नाही आणि दिशा सांगणारा कॉम्प्युटर बंद पडला. विक्रमचं पण इस्रोनं नंतर सांगितलंच की, पाच इंजिनांनी जास्त जोर दिला, चूक साचत गेली, यानाला पटकन वळता येईना आणि उतरायची जागा जेमतेम ५०० बाय ५०० मीटर. मग चांद्रयान-३ ला चार इंजिनं आणि ४ बाय २.४ किलोमीटरची जागा. २३ ऑगस्ट २०२३ ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. त्यामुळं कुठलं गुपित फुटलं?

विद्यापीठ_गेट
एरियान-५ बरोबर, आम्हाला इंजिनिअरिंगला हेच शिकवलं. पण अपोलो-१ चं तुम्ही जे जोडलं ते मला पटत नाही सर. शुद्ध ऑक्सिजन धोक्याचा आहे हे अमेरिकेतल्या इंजिनिअरना आधीपासून माहीत होतं, घाईत दुर्लक्ष केलं. बोंदारेंकोची बातमी कळली असती तरी ते थांबले असते असं छातीठोक सांगता येत नाही. चूक माहीत असणं आणि चूक ऐकणं ह्यात फरक आहे. पण रशियानं स्वतःच्या लोकांपासून लपवलं हे जास्त वाईट आहे. ऑक्टोबर १९६० ला बायकोनूरच्या सोव्हिएत तळावर उड्डाणाच्या आधीच क्षेपणास्त्र पेटून मार्शल नेडेलिन आणि कितीतरी माणसं गेली, सरकारनं सांगितलं नेडेलिन विमान अपघातात गेले, आणि खरं कळायला १९८९ उजाडलं.

भीमाकाठ
ते थांबले असते की नाही हे कुणीच सांगू शकत नाही, बरोबर. पण जो इंजिनिअर आतून ओरडत होता त्याच्या हातात एका मेलेल्या पोराचा पुरावा आला असता. नुसत्या शंकेपेक्षा त्याला जास्त वजन असतं, एवढं मी मानतो.

सात_रस्ता
चीनशी पण वाटून घ्यायचं का मग? अमेरिकेनं २०११ पासून कायद्यानं नासाला चीनशी थेट काम करायला बंदी घातलीय. ते येडे आहेत का?

पोरांची_बाई
डॉ. कोटणीसांच्या गावात बसून हा प्रश्न विचारूलालाय भाऊ. १९३८ ला सोलापूरचा डॉक्टर युद्धात होरपळलेल्या चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेला आणि १९४२ ला तिथंच वारला.

सात_रस्ता
कोटणीसांबद्दल अभिमानच आहे बाई, पण १९३८ वेगळं आणि गलवान वेगळं. वीस जवान गेलेत.

सीनाकाठचा
कोलंबिया शटल १ फेब्रुवारी २००३ ला फुटलं, कल्पना चावला गेली, अमेरिकेची शटल अडीच वर्षं बंद. तेव्हा अंतराळ स्थानकातल्या माणसांची ने-आण रशियाच्या सोयूझ यानानं केली. ज्यांच्याशी शीतयुद्ध खेळले त्यांनीच. एवढंच सांगायचं होतं.

यंत्रमागवाला
सोयूझचं मान्य. पण अण्णा, घन इंधनाचं उत्तर अजून आलं नाही. एरियानचं सॉफ्टवेअर होतं, विक्रमचं इंजिन द्रव इंधनाचं.

भीमाकाठ
अमेरिकेचं चॅलेंजर शटल घ्या. २८ जानेवारी १९८६. घन इंधनाच्या बूस्टरचाच जोड थंडीत निकामी झाला, रबराची रिंग कडक पडली आणि सात जण गेले. शीतयुद्ध ऐन भरात होतं तेव्हा. तरी चौकशी लोकांसमोर झाली, शास्त्रज्ञ फाइनमन ह्यांनी रिंगेचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांसमोर दाखवला, आणि जूनमध्ये अख्खा अहवाल छापून आला. बूस्टरचे भाग, जोडाचे नकाशे, कुणी कुणाला काय कळवलं आणि कुणी ऐकलं नाही, सगळं.

यंत्रमागवाला
अमेरिकेला ते परवडतं, त्यांच्यावर कोण निर्बंध लावणार? आपल्यावर लागलेत. आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना, आपल्या कंपन्यांना, ज्यांचे उपग्रह बुडाले त्यांना सांगा, माझी ना नाही. बाकी जगाला कशाला?

भीमाकाठ
ज्यांचे बुडाले त्यांतले काही परदेशातलेच आहेत दादा. मग त्यांना काय सांगायचं?