मदत हवी आहे: पैठणीला भोकं पडताहेत, कपाटातले केसाळ किडे जातच नाहीत

ओवी_गंगापूररोड
दोनदा पेस्ट कंट्रोल झालं, डांबराच्या गोळ्या टाकल्या, तरी किडे आहेतच. आज आईची पैठणी उघडली तर घडीवर चार भोकं! १२ दिवसांवर भावाचं लग्न आहे आणि मला तीच नेसायची आहे. कोणतं औषध मारायचं तेवढं सांगा. प्लीज लवकर.

सिडकोतला
किडे दिसतात कसे? फक्त कपाटात आहेत की घरभर? पेस्ट कंट्रोलवाल्याने नेमकं काय केलं? एवढं कळल्याशिवाय औषध कसं सांगणार?

रामकुंड_सकाळ
वाळवी दिसते. भिंतीच्या कडेने फरशीला भोकं पाडून औषध भरून घ्या. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराच्या चौकटी त्यामुळेच वाचल्या. मजूर चांगला बघा, नाहीतर पाण्याचा पाइप फोडतात.

ओवी_गंगापूररोड
काका, वाळवी नाही हो. तांदळाच्या दाण्याएवढे, तपकिरी, आडव्या पट्ट्यांचे, अंगावर केस. त्यांची रिकामी सालपटंही सापडतात. पेस्ट कंट्रोलवाल्याने ओट्याखाली आणि कपाटाच्या बिजागऱ्यांना जेलचे ठिपके लावले. दोन्ही वेळा तेच.

वनिता_इंदिरानगर
ही कसर गं. कडुलिंबाचा वाळवलेला पाला आणि वेखंडाच्या पुरचुंड्या ठेव. माझ्या सासूबाईंचे शालू ४० वर्षं असेच टिकलेत. औषधांच्या नादी लागू नकोस.

रफू_आणि_धागा
वनिताताई, कसर चपटी, चंदेरी आणि सुळकन पळणारी. अंगावर केस आणि पट्टे असलेली ही अळी कार्पेट बीटलची. मी रफूचं काम करते, हिवाळा संपला की अशा शाली आणि रेशमी साड्या माझ्याकडे येतातच. नाव कार्पेटचं असलं तरी घरात गालिचा असायला लागत नाही. लोकर, रेशीम, पिसं, केस, मेलेल्या माश्या, प्राण्यापासून आलेलं काहीही तिला चालतं. शुद्ध सुती कापडाच्या वाटेला सहसा जात नाही, पण त्यावर घामाचे किंवा तेलातुपाचे डाग असतील तर तेही कुरतडते.
ओवी, खिडकीच्या कट्ट्यावर दोन-तीन मिलिमीटरचे गोल, ठिपक्याठिपक्यांचे भुंगे दिसतात का? आणि पैठणी शेवटची कधी नेसलीस?

ओवी_गंगापूररोड
हो! बेडरूमच्या खिडकीत रोज चार-पाच मरून पडलेले असतात. ते वेगळे किडे समजून मी झाडून टाकत होते. पैठणी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेसले होते. बाळ तेव्हा महिन्याचं होतं, घाईघाईत तशीच घडी घालून ठेवली.

सिडकोतला
घरात बाळ आहे हे आत्ता सांगताय! त्याचे कपडे त्याच कपाटात आहेत का? असतील तर डांबराच्या गोळ्या आजच काढा. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या वासाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, कावीळ होऊ शकते. तपासणी केल्याशिवाय ही कमतरता कळत नाही.

वनिता_इंदिरानगर
आमची तिन्ही मुलं गोळ्यांच्या वासातच वाढली, कुणाला काही झालं नाही.

सिडकोतला
तुमच्या मुलांना ती कमतरता नव्हती, ताई. या बाळाचं आपल्याला माहीत नाही. शिवाय रोज दहादा उघडणाऱ्या कपाटात त्या गोळ्यांनी अळी मरत नाही. हवाबंद डब्यात वास कोंडला तरच मरते.

ओवी_गंगापूररोड
काढल्या सगळ्या. बाळाचे कपडे धुवायला टाकले. त्याच्या मानेवर पुरळ आहे, मला ढेकणांची शंका होती. आणि जेलचं काय? परत बोलावू का त्यांना?

रफू_आणि_धागा
ते जेल झुरळांसाठी असतं, झुरळ ते खातं म्हणून मरतं. ही अळी त्याला तोंड लावत नाही. ती चावतही नाही, पण तिचे केस कातडीला लागले की काहींना पुरळ उठतं. बाळाला मात्र डॉक्टरांनाच दाखव, इथे विचारत बसू नकोस.

मी_निफाडकर
आमच्या पेटीत असेच झाले होते. आतली सगळी फेल्ट खाल्ली.

वनिता_इंदिरानगर
पेटी उन्हात ठेवून तळाला नवा कागद घालायचा.

मी_निफाडकर
ताई, वाजवायची पेटी. हार्मोनियम. पट्ट्यांखालची लोकरीची फेल्ट गेली आणि सूर गळायला लागले. उन्हात ठेवली असती तर लाकूडच तडकलं असतं.

ओवी_गंगापूररोड
माझ्या साडीचं सांगा ना कुणीतरी. उन्हात टाकू?

रफू_आणि_धागा
पैठणी कडक उन्हात नको, रंग उतरतो. अळ्याही सावलीच्या घडीत सरकतात. लग्नात नेसायची ती उद्याच ड्रायक्लीनला दे, त्यात अंडी-अळ्या सगळं मरतं. चार भोकांचं रफू त्यानंतर, आधी कुणाला हात लावू देऊ नकोस. बाकीच्या रेशमी साड्या आणि शाली प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद कर आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. घरातल्या तापमानाला आली की उघड, नाहीतर दव धरतं. म्युझियममध्येही जुनी वस्त्रं अशीच गोठवतात. सुती कपडे ६० अंशांच्या पाण्यात धू.

रामकुंड_सकाळ
पैठणी येवल्याची हातमागाची आहे का? खऱ्या हातमागाचे काठ-पदर उलट बाजूनेही सुलटीसारखेच दिसतात. आजकाल पॉवरलूमचं फार फसवतात.

ओवी_गंगापूररोड
येवल्याचीच आहे, काका. आईने स्वतः मागावर विणताना बघून घेतली होती. आई आता नाही, म्हणून तर जीव तुटतोय.

सिडकोतला
साडी वाचेल, पण किडे येतात कुठून ते शोधा, नाहीतर सहा महिन्यांनी हेच. कितव्या मजल्यावर राहता? खिडकीबाहेर कबुतरं आहेत का? आमच्याकडे उगम एसीच्या बाहेरच्या युनिटमागे निघाला. जुनं घरटं, पिसं आणि एक मेलेलं पिल्लू.

ओवी_गंगापूररोड
चौथा. थांबा, बघते.

ओवी_गंगापूररोड
डक्टमध्ये बेडरूमच्या खिडकीच्या अगदी खाली घरटं आहे. रिकामं. काडीने हलवलं तर खाली शेकडो अळ्या वळवळत होत्या. मला मळमळायला लागलं. आत्ताच काढू?

सिडकोतला
अंडी-पिल्लं नाहीत ना, मग काढा. मास्क, हातमोजे घाला, खिडकी लावून घ्या आणि विष्ठा आधी पाण्याने भिजवा. कोरडी खरवडली तर धूळ छातीत जाते. सगळं दुहेरी पिशवीत बांधून लगेच घंटागाडीत. मग डक्टला जाळी मारून घ्या. आत कपाट रिकामं करून फटी, ड्रॉवरच्या कडा, बेडखालचा भाग व्हॅक्यूमने ओढा आणि पिशवी लगेच बाहेर टाका. फवारणी हवीच असेल तर फटींपुरती, कपड्यांवर नाही, आणि बाळाला त्या दिवशी घराबाहेर ठेवा.

वनिता_इंदिरानगर
डक्टचं माझ्या डोक्यातच आलं नाही. गोळ्यांबद्दल मी बोलले ते सोडून दे, ओवी. बाळाला दोन दिवस माझ्याकडे आणून ठेव, इंदिरानगर काही लांब नाही. व्यक्तिगत निरोप पाठवते.

रफू_आणि_धागा
एकदा झाडून थांबू नकोस. अंडी दोन-तीन आठवड्यांनीही फुटतात आणि अळी कित्येक महिने अळीच राहते. दर आठवड्याला व्हॅक्यूम, तेही निदान तीन महिने. आणि नेसलेली साडी स्वच्छ केल्याशिवाय कपाटात नाही. भोकांचा फोटो नाण्याशेजारी धरून पाठव, पदराच्या जवळ आहेत की निऱ्यांत ते बघते.

ओवी_गंगापूररोड
तीन निऱ्यांत, एक पदराच्या वर बोटभर. ड्रायक्लीनवाला चार दिवस म्हणतोय. नवरा मास्क लावून डक्टमध्ये वाकलाय, मी बाळाला घेऊन वनिताताईंकडे निघालेय. फोटो तिथून टाकते.