शब्दचर्चा : युद्ध, कारवाई, संघर्ष

(बोलणारे नाशिकचे, प्रत्येक जण आपापल्या भागाच्या नावाने.)

पंचवटीहून प्रश्न : एकाच घटनेला एक बातमी 'युद्ध' म्हणते, दुसरी 'लष्करी कारवाई', तिसरी 'संघर्ष'. फरक अर्थाचा की बाजू घेण्याचा?

नाशिकरोड : दोन्हींचा, आणि तो प्रत्ययात पकडता येतो. युद्ध कुणाशी तरी होतं, कारवाई कुणावर तरी. अतिक्रमणावर कारवाई, फेरीवाल्यांवर कारवाई, तसंच. करणाऱ्याला अधिकार आहे आणि समोरचा दोषी आहे, हे 'वर'मध्येच येऊन जातं. 'संघर्ष' तर आपोआप उसळतो, चिघळतो. सुरू कुणी केला हे वाक्याला सांगावंच लागत नाही.

रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये फौजा घुसवल्या, त्याला अधिकृत नाव 'विशेष लष्करी कारवाई'. तिथल्या नियामकाने माध्यमांना 'युद्ध', 'आक्रमण' हे शब्द टाळायला लावले. मार्चमध्ये सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरवणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. रोज टीव्हीवर 'कारवाई' ऐकणाऱ्या घराला आपला देश युद्धात आहे असं वाटणार तरी कसं? फ्रान्सने अल्जीरियातल्या १९५४ ते १९६२ च्या लढाईला कायद्याने 'युद्ध' म्हटलं ते थेट १९९९ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात जपान हरला, तरी जपानी लोक १५ ऑगस्टला 'शूसेन' म्हणजे युद्धसमाप्तीचा दिवस मानतात. पराभवासाठी 'हाइसेन' हा शब्द त्यांच्याकडे आहे, पण दिवसाला तो लावत नाहीत.

आपणही यातून सुटलेलो नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात गेलं ते सैन्य, रणगाड्यांसह. मराठवाड्यात नाव रुळलं 'पोलीस ॲक्शन'.

देवळाली : भाषांतर करणाऱ्यांसाठी एक खड्डा दाखवून ठेवतो. मराठीत 'ती युद्धबंदी' म्हणजे लढाई थांबवणं. हिंदीत 'युद्धबंदी' म्हणजे लढाईत पकडलेला सैनिक, आपला युद्धकैदी. हिंदी मजकुरावरून घाईत बातमी केली की कैद्यांच्या सुटकेचा शस्त्रसंधी होऊन बसतो. लिंग आणि क्रियापद तपासा : युद्धबंदी 'लागू होते', कैदी 'परततो'. आणि शस्त्रसंधी म्हणजे तह नव्हे. कोरियात २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाला, तह अजून नाही.

पंचवटी : मग बातमी लिहिताना कसोटी काय लावायची?

नाशिकरोड : देशांची नावं अदलाबदल करून वाक्य मोठ्याने वाचा. कानाला खटकलं तर शब्द बाजू घेतोय. मरणाच्या क्रियापदांवर ही कसोटी आधी लावा, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते. आपले 'धारातीर्थी पडतात', समोरच्यांना 'कंठस्नान घातलं' जातं, आणि बॉम्बखाली सापडलेली माणसं नुसती 'मृत्युमुखी पडतात'. बॉम्ब टाकणारा वाक्यातून गायब. बातमीत तिघांनाही 'ठार' लिहा, आणि कुणी मारलं ते कळलं असेल तर त्याच वाक्यात लिहा.

देवळाली : 'धारातीर्थी'बद्दल एक भर. गोदाकाठी राहणाऱ्यांना त्यात पाण्याची धार दिसते. ती शस्त्राची आहे. तीच तीर्थ मानून तिथे देह ठेवला, असा अर्थ. श्रद्धांजलीत शोभतो, मथळ्यात नको.