मदत हवी आहे: हॅकिलमध्ये तारखेचे आकडे देवनागरीत कसे आणायचे?

सांगलीतल्या आमच्या वाचनालयाची साइट हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या हॅकिलवर (स्थिर वेबपानं तयार करणारं साधन) बांधतोय. तारीख छापणाऱ्या ‘डेटफील्डविथ’ फंक्शनला स्वतःचं टाइमलोकेल (वार-महिन्यांच्या नावांची यादी) दिलंय, त्यामुळे ‘गुरुवार’, ‘ऑगस्ट’ झकास येतात. पण १५ आणि २०२४ इंग्रजी आकड्यांतच उमटतात. लोकेलमध्ये आकड्यांची सोयच नाही.

तयार एचटीएमएलवर सरसकट अदलाबदल करून पाहिली. तारखा सुधारल्या, पण लिंकमधले आणि फोटोंच्या फाइलनावांतले आकडेही बदलले, चित्रं गायब! मेटाडेटातली (प्रत्येक लेखाच्या सुरुवातीच्या माहितीतली) तारीख इंग्रजी आकड्यांतच ठेवणं भाग आहे, नाहीतर नवे लेख आधी लावणाऱ्या ‘रिसेंटफर्स्ट’ला ती वाचता येत नाही. जावास्क्रिप्ट कृपया सुचवू नका, एवढ्याशा कामाला ते नको.

आकडे बदलणारं फंक्शन तयार आहे. ते फक्त तारखेच्या फील्डवर, टेम्प्लेट भरण्याआधी चालवायचं तर कॉन्टेक्स्टमध्ये (टेम्प्लेटला फील्ड पुरवणाऱ्या भागात) नेमकं काय लिहू? हॅकिलच्या तयार ‘डिफॉल्टकॉन्टेक्स्ट’ला हात न लावता जमेल का?