आठ बोअरचं वेड

दादा, तुम्ही म्हणालात की आजची १२ बोअर बंदूक शिकारीचं सगळं काम करते मग ही जुनी ८ बोअरची धुडं कशाला, तर कामापुरतं बरोबर आहे तुमचं, पण मला नाही पटत. बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या किती गोळ्या पाडल्या की त्यातली एक नळीत बरोब्बर बसेल तो आकडा, म्हणून आकडा लहान तेवढी नळी मोठी. ८ बोअरची गोळी २ औंसांची होते बघा! बंदूक साडेपाच-सहा किलोची, पण त्या वजनामुळेच धक्का खांद्याला सोसतो.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर वॉश नावाच्या उथळ खाडीच्या चिखलात पहाटे अंधारात बसायचं, थंडीने बोटं बधिर, आणि आइसलँडहून आलेले पिंकफूट गूज (गुलाबी पायांचे रानटी हंसासारखे पक्षी) ओरडत डोक्यावरून जातात, तेव्हा हातात व्हिक्टोरियन काळातल्या कारागिराने लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली डमास्कस नळी असणं, हे सुख वेगळंच. रोज एखादाच बार मिळतो, कधी तोही नाही, आणि लांबचा पक्षी उगाच जखमी करायचा नाही हे मी फार मानतो.

फक्त एक कळकळीने सांगतो, जुनी नळी प्रूफ मार्क (दाबाची चाचणी झाल्याचा शिक्का) बघून, भिंतीची जाडी मोजून घेतल्याशिवाय वापरू नका. ब्लॅक पावडरसाठीच, म्हणजे जुन्या काळ्या दारूसाठीच प्रूफ केलेल्या नळीत नायट्रो, म्हणजे आधुनिक बिनधुराच्या दारूचं काडतूस अजिबात नको. इंग्लंडमध्ये १९९९ पासून बदक-गूजवर शिशाचे छर्रे चालत नाहीत आणि स्टीलचे छर्रे या मऊ नळ्यांना खरवडतात, म्हणून बिस्मथ धातूचे छर्रे घ्या, महाग आहेत पण घ्याच.